गेनूमामांचं बिनतिकिटाचं पाणी

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या आळीतल्या सात पोरांना शेणाच्या पाण्यानं आंघोळ घातली.

मुद्दाम घातली नाही. राहू गावात माझं ठिबक-तुषार सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. पाइप, नोझल, फिल्टर, रेनगन असल्या वस्तूंवर माझं घर चालतं. रेनगन म्हणजे उसात तीन पायांवर उभी केलेली मोठी तोटी. ती गोल फिरत राहते आणि लांबवर पावसासारखं पाणी फेकते. त्या दिवशी पोरं दुकानापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गेनूमामा दौंडला गेल्यात. आज आमाला पान्यात कोन न्हेनार?"

एका उसात रेनगन फिरताना मी सकाळीच पाहिली होती. माझ्याच दुकानातली होती ती. म्हटलं, आपण विकलेल्या रेनगनखाली भिजायला आपल्याला परवानगी कशाला लागते? चला! पोरं कपड्यांसकट घुसली. नाचली, लोळली, आ करून पाणी झेललं. मग त्यातलं एक थांबलं, त्यानं हात नाकापाशी नेला आणि माझ्याकडं वळून पाहिलं. इतक्या अविश्वासानं मी उधारी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाकडंही कधी पाहिलं नसेल.

शेतकऱ्यानं त्या दिवशी पाण्यातून जीवामृत सोडलं होतं. म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पिंपात आंबवून, गाळून केलेलं पाणी. उसाला फार चांगलं असतं. तो गाळायचा फिल्टरही माझ्याच दुकानातला.

संध्याकाळी सातही पोरांच्या आया दुकानात आल्या. एकीनं शांतपणे विचारलं, "शेठ, पोरगं आता उसावानी वाढंल का ह्यानं?" बाकीच्या तितक्या शांत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी गेनूमामा आले. रागावले नाहीत. काउंटरवर टोपी ठेवली आणि एवढंच विचारलं, "चव घेतली व्हती का?"

"कशाची?"

"पान्याची."

"नाही."

"मंग तुमी पोरं कशाला न्हेता, शेठ? पाइप इका."

तर हे गेनूमामा. गावात सख्खे मामा ते कुणाचेच नाहीत, म्हणून अख्ख्या गावाचे आहेत. कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं ते बघणारा माणूस. जन्मभर त्यांनी लोकांना बारीनं पाणी वाटलं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. ज्याची बारी संपली तो शिव्या द्यायचा आणि ज्याची आली नाही तोही. रिटायर झाल्यावर माणूस पाण्याचं नाव टाकेल असं वाटावं. मामांनी उलट एक नवंच खातं काढलं, लहान पोरांना फुकटच्या पाण्यात न्यायचं.

आमच्याकडं पाण्यात खेळायला तिकीट काढून लांबच्या वॉटरपार्कला जायची पद्धत अलीकडं आली आहे. तिथल्या घसरगुंडीचा विषय निघाला की मामा म्हणतात, "पानी काय तिकीट बघून भिजवतं व्हय?" हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणतात. एकदा सोसायटीच्या चेअरमनला म्हणाले, तेव्हा चेअरमन पाण्याविषयी बोलतही नव्हता.

मामांचं काम शिस्तीचं असतं. शेतीची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. ते वेळापत्रक वायरमनच्या आधी मामांना पाठ असतं. दिवसाची लाइट असली की पिवळी शिट्टी गळ्यात, खांद्यावर भला लांब टॉवेल, मागं पोरं. टॉवेल सगळ्यांत मिळून एकच. सगळ्यात बारकं पोर कोरड्या टोकाला आणि थोरलं ओल्या टोकाला पुसायचं, हा नियम.

रानात पोचलं की आधी मालकाला विचारायचं. मालकानं हो म्हटलं की पोरांनी थोडा वेळ तण उपटायचं. आधी काम, मग पाणी. त्यामुळं शेतकरी मामांना नाही म्हणत नाहीत, उलट खुरपणीची बाई मिळाली नाही की स्वतःच फोन करतात, "मामा, आज आमच्यात लई भारी तुषार चालू हाय बरं का."

आणि मग चव. मामा ओंजळभर पाणी घेतात, डोळे मिटतात, जिभेवर घोळवतात आणि थुंकतात. पोरं श्वास रोखून निकालाची वाट बघतात.

"ह्ये चावरं हाय. अंग खाजवंल. चला म्होरं."

"ह्यात युरिया सोडलाय बाबानं. चला."

"हां! ह्ये लोन्यावानी हाय. बारीनं घुसा रं!"

एकदा तर ते पोरं घेऊन पार शिरूर तालुक्यात कवठे येमाईला गेले. तिथं त्यांची बहीण असते. तिनं फोन केला होता की पाण्याच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह फुटलाय आणि माणसापेक्षा उंच कारंजं उडतंय. मामांनी पिकअप ठरवली, पोरं भरली. मीही नोझल विकायला त्याच बाजूला निघालो होतो, म्हणून पुढं बसलो. पोचतो तर मिस्त्री व्हॉल्व्ह दुरुस्त करून पाने-पकडी पिशवीत भरत होता.

मामांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं काही चोरलंच होतं. "काय राव, तुमच्या लोकांना दुरुस्तीला यायला दोन-दोन म्हयनं लागत्यात. नेमकी आजच कसली घाई हुती? लगीन हुतं का तुमचं?"

मिस्त्री बिचारा ओशाळला. "मामा, म्हाईत असतं तर जेवून आलो असतो."

शेवटी पोरं बहिणीच्या गोठ्यामागच्या हौदात डुंबली. म्हशी बाहेर उभ्या राहून आपली बारी यायची वाट बघत होत्या.

हे सगळं पोरांच्या प्रेमापोटी असावं, असा माझा समज होता. खरं कारण मला दुकानात कळलं.

मामांच्या वस्तीवर मोबाइलला रेंज नाही. म्हणून रोज संध्याकाळी ते माझ्या दुकानात व्हिडिओ कॉल करायला येतात. त्यांचा मुलगा महेश रत्नागिरीला नोकरीला आहे. त्याची मुलगी ओवी पाच वर्षांची. ती यापूर्वी राहूला आली होती तेव्हा रांगत होती आणि मामांच्या मिशा बघून जी रडायला लागली ती गाडीत बसेपर्यंत थांबली नव्हती. मामांनी मिशा काढल्या. पण त्यानंतर ओवीचं येणंच झालं नाही, आणि त्याच सुमारास मामा गावातली पोरं पाण्यात न्यायला लागले.

कॉल लागला की मामा पहिलं विचारत, "ओवीबाय, आज पानी आलं व्हतं का?" मग ओवी फोन घेऊन धावत सुटे. तिकडं समुद्राजवळच्या बागेत पोरांसाठी एक फरशी केली आहे. फरशीला भोकं, भोकांतून पाणी उसळतं, पोरं त्यातून पळतात. तिकीट नाही. हे फुकट असल्याचं कळलं तेव्हा मामांना त्या गावाविषयी फारच आदर वाटला.

एकदा ओवीनं विचारलं, "आजोबा, तुमच्याकडं आहे का असं जमिनीतून उडणारं?"

"हाय की! लई हाय."

"मग मी मे महिन्यात येणार आहे. बघायला."

फोन बंद झाला. मामा पाइपाच्या बंडलावर बसून राहिले. "शेठ, लबाड बोललो वो मी."

"मग काय झालं? रेनगन दाखवा."

"ती वरनं पडती. जमिनीतनं कुठं उडती?" त्यांनी टोपी फिरवली. "पोरगी इतक्या वर्सांनी येनार. आन् इथं काय न्हाईच म्हनून हिरमुसली, तर पुन्हा कशाला यील? म्हातारा बघायला कोन येतं?"

मला चेव आला. म्हटलं, "मामा, तुमच्या खळ्यावर मी करून देतो. तिकडच्यापेक्षा उंच उडवतो. माझा धंदाच आहे हा!"

मामांना ती शेणाची आंघोळ आठवली असणार. पण त्यांच्यापाशी दुसरा माणूस नव्हता.

मी जुने पाइप आणले, त्यांना भोकं पाडली, खळ्यावर बसवून वर भोकांची फरशी घातली. विहिरीवरच्या मोटारीपासून लाइन ओढली. उत्साहाच्या भरात मोटारीचा जुना स्टार्टर काढून माझ्याकडचा नवा बसवला, भेट म्हणून. मामींनी एकदा विचारलं, "भाऊ, जुना काय वाईट हुता?" मी हसलो. बायकांना काय कळतं, असं ते हसणं होतं. माझ्या बायकोपुढं मी तसं हसत नाही.

ओवी आली. महेश आणि सूनबाईंच्या मागून, आईचा ड्रेस घट्ट धरून. मामा नव्या पांढऱ्या शर्टात. आळीतली पोरं खळ्याच्या कडेनं रांगेत. त्यांना मामांनी बजावलं होतं, "पैली बारी तिची. कुनी ढकललं तर उद्यापास्नं पानी बंद." मी स्टार्टरपाशी. एखाद्या पुढाऱ्यानं फीत कापावी तसं मी हिरवं बटण दाबलं.

मोटार घुमली. पाइप थरथरले. आणि भोकाभोकांतून पाणी वर आलं. चार बोटं.

चार बोटं वर आलं आणि तिथंच डुगडुगत राहिलं.

"शेठ," मामा हळूच म्हणाले, "येवढंच?"

मोटारीचा आवाज ऐकला आणि माझ्या लक्षात आलं. नवा स्टार्टर बसवताना तीन तारांपैकी दोन मी उलट्या जोडल्या होत्या. "मामा, मोटार उलटी फिरतीय, म्हणून जोर नाही," मी म्हणालो. "दोन मिनिटं द्या."

मामांनी ऐकलंच नाही. ते ओवीपुढं उकिडवे बसले होते. चेहरा असा, की कालव्याला पाणी सोडतो म्हणून सांगितलं आणि धरणच कोरडं निघालं. "बाळा, ह्ये आत्ता मोठं व्हतंय बरं का. तुझ्या तिकडच्यावानी. डोक्यावरनं जातंय बघ."

"नको," ओवी म्हणाली.

"का गं?"

"तिकडचं नाकात जातं. मला भीती वाटते. मी तिथं बाहेरच बसते."

महेश म्हणाला, "अगं, पण रोज तर फोन घेऊन पळतेस आजोबांना दाखवायला!"

"ती दुसरी मुलं असतात. आजोबांना पाणी आवडतं ना, ते रोज विचारतात, म्हणून मी दाखवते."

 मामा मान खाली घालून, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "मला पान्याबिगर दुसरं काय बोलायचं तेच ठावं नव्हतं, बाय."

ओवीला त्यातलं काय कळलं कोण जाणे. तिनं आईचा ड्रेस सोडला. एका भोकापाशी गेली आणि चार बोटांच्या कारंज्यावर अलगद तळवा ठेवला. पाणी चहूकडून फुटलं, तिला गुदगुल्या झाल्या, ती किंचाळून हसली. तळवा उचलला, पुन्हा ठेवला. "आजोबा, तुम्ही पण या ना!"

मामा त्या नव्या शर्टासकट पाण्यात फतकल मारून बसले. नातीनं त्यांचा पाय उचलून शेजारच्या भोकावर ठेवला आणि "आता तुम्ही दाबा" असा हुकूम सोडला. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. कडेची पोरं हवालदिल. शेवटी मामांनी शिट्टी फुंकली, "बारीनं या रं! आन् भोकावर पाय दाबायचा, उड्या न्हाई मारायच्या, पोरगी भेतीया!" सगळी एकेका भोकाशी येऊन बसली. पाण्याची चव घ्यायची मामा त्या दिवशी विसरले. सारं खळं ओलं आणि मधोमध पाटकरी, नातीकडून आपली बारी यायची वाट बघत बसलेला.

पण मी पडलो दुकानदार. माझ्या पाइपातून चार बोटं पाणी! उद्या ही बातमी गावात फिरली तर रेनगन कोण घेईल? मोटार बंद करायची, दोन तारा बदलायच्या आणि पुन्हा चालू करायची, काम सोपं. मी कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं पेचकस काढला आणि स्टार्टरकडं सरकलो.

मागून ओवीचा आवाज आला, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा:

"आजोबा, त्या काकांना कशालाच हात लावू देऊ नका!"