इंदूमावशीचं अधांतरी घर

इंदूमावशीच्या घरात शिरताना माणसाने पायांपेक्षा डोकं जपावं. पायाखाली काहीच नसतं. जे असतं ते सगळं वर असतं. तांदळाचा डबा, मिक्सर, पोळपाट, इस्त्री, झाडू, एवढंच काय तिचं शिवणाचं मशीनसुद्धा लोखंडी गर्डरला दोरीने टांगलेलं आहे. चहा करायचा तर ती कोपऱ्यातली आकडी घेते, कोकणात आंबे काढायला वापरतात तसली लांब काठी, आणि छताखालून चहापत्तीचा डबा, साखरेचा डबा, गाळणी अशी एकेक वस्तू उतरवते. चहा झाला की तोच सोहळा उलटा. गॅसचा सिलिंडर तिला टांगू दिला नाही म्हणून गॅसवाल्याशी तिने अबोला धरला आहे. तो सिलिंडर आता कमरेइतक्या उंच कट्ट्यावर बसलेला असतो आणि पाहुण्यांकडे वरून बघतो.

पाहुण्याने टेकायच्या आत त्याची पिशवी वर जाते. "खाली काय ठेव नको रे झिला," असं ती म्हणते तोवर पिशवी आकडीच्या टोकाला लागलेली असते. एकदा एक विमा एजंट आला होता. त्याचं हेल्मेट, बॅग आणि छत्री तिने अशी काही वर चढवली की जाताना बिचाऱ्याला कोणती वस्तू कोणत्या दोरीची हेच कळेना. पुन्हा तो आमच्या गल्लीत फिरकला नाही.

आमची गल्ली घाटकोपरला नाल्याच्या काठाला आहे. अर्धी गल्ली कोकणातली, अर्धी आम्ही मराठवाड्यातले. कोकणातल्यांचे वडील, आजे गिरणीत होते, आमचे बिगारी कामाला आले. आता कोण रिक्षा चालवतं, कोण मॉलमध्ये आहे, मी अंधेरीला कुरियरच्या ऑफिसात. जात, देव, जेवण सगळं वेगळं, पण एका बाबतीत सगळी गल्ली एक होती. पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात यायचं आणि त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही.

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. पण दरवर्षी येणाऱ्या पाहुण्याचं कुणी दडपण घेत नाही. पाणी घोट्यापर्यंत यायचं, फार तर पोटरीपर्यंत, आणि भरती उतरली की जायचं. उंबऱ्याशी पाणी दिसलं की घराघरात उचलाउचल सुरू व्हायची. तिचाही क्रम ठरलेला. आधी देव किंवा तसबिरी, मग तांदूळ-पीठ, मग रेशनकार्डाची पिशवी, मग टीव्ही, मग गाद्या. शेवटी माणसांनी खाटेवर पाय वर घेऊन बसायचं आणि चहा प्यायचा. कुणाचं सामान आधी वर गेलं यावर गल्लीत चढाओढ असायची, आणि इंदूमावशीचा त्यात हात धरणारा कुणी नव्हता. तिच्याकडे सेनापतीही होता. तिचा नवरा, दत्ताकाका. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, म्हणून ते खाटेवर पडूनच हुकूम सोडायचे. गणपती घेतलास? पीठ घेतलास? अगो ती पापडाची पिशवी रवली, खालीच रवली. मावशी पदर खोचून माळ्यावर चढ-उतर करायची आणि वरून त्यांच्यावर करवादायची. पोरबाळ नव्हतं. दोघांचा संसार म्हणजे सतत चाललेलं एक भांडण होतं, आणि त्यात दोघं सुखी होती.

ज्या दिवशी मोठा पूर आला त्या दिवशीही पाणी आधी नेहमीसारखंच आलं होतं. मग वरच्या अंगाला नाल्याची भिंत बसली आणि पाणी एका दमात छातीच्या वर गेलं. मी ऑफिसात अडकलो होतो. बायको आणि आई कल्याणला बहिणीकडे होत्या, म्हणून वाचल्या. पाणी ओसरल्यावर पोरांनी इंदूमावशीला माळ्यावरून उतरवलं. दत्ताकाका गेले होते.

नंतरचे महिने आम्ही शाळेच्या वर्गांत आणि निळ्या ताडपत्र्यांखाली काढले. माहुलकडे सरकारी खोल्या मिळणार अशी एक बातमी आली, काही जण गेले, काही जणांनी पोरांच्या शाळेमुळे आणि कामामुळे इथेच राहायचं ठरवलं. गल्ली पुन्हा उभी करायची तर मिस्त्री एक आणि घरं इतकी. रोज भांडणं. त्या सगळ्यात इंदूमावशीला कुणी रडताना पाहिलं नाही. ती आपली चिखलात बसून जगाची भांडी घासायची. कुणाचं भगोणं सापडलं की घासूनपुसून ज्याचं त्याच्या हातात द्यायची आणि वर ऐकवायची, आता खाली ठेव नको.

तिच्या घराचं काम निघालं तेव्हा यादव मिस्त्रीला पहिल्यांदा ती खरी कळली. तिने त्याला विटा, लादी, रंग काही विचारलं नाही. फक्त गर्डर मजबूत पाहिजे आणि त्याला कड्या पाहिजेत. इथे कडी, तिथे कडी. तो कड्या वेल्डिंग करून करून थकला आणि म्हणाला, "मावशी, घर बनवायचं हाय का मटणाचं दुकान?" मावशीने त्याला चहा दिला आणि आणखी एक कडी दाखवली. मग ती खडू घेऊन आमच्याही घरांत शिरली. तुझा टीव्ही इथे टांग, तुझं पीठ तिथे. पाणी काय आवतान देऊन येता? लोक हसायचे, वैतागायचे, पण नवरा गेलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? आज आमच्या गल्लीत एकही घर असं नाही की ज्याच्या छताला निदान एक बिनकामाची कडी नाही.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र एक कडी सगळ्यांत जाड आहे, खोलीच्या बरोबर मध्ये, खाटेच्या वर. तिला लोखंडी कप्पी लावली आहे, विहिरीवर असते तसली, आणि कप्पीत नवा सुती दोर. त्या दोराला काहीही टांगलेलं नाही. ज्या घरात लिंबू पिळायचं यंत्रसुद्धा लटकतं तिथे एवढी दणकट कप्पी रिकामी, हे गल्लीला काही पचेना. कुणी म्हणालं झोपाळा होणार. कुणी म्हणालं फ्रिज येणार. आमच्या बायकोचं मत पडलं की मावशीचं डोकं आता पूर्ण फिरलं आणि त्यात तिचा दोष नाही. मावशीला विचारलं तर ती "असांदे", म्हणजे असू दे, एवढंच म्हणायची. दर शनिवारी स्टुलावर चढून कप्पीला खोबरेल तेल घालायची आणि दोर एकदा ओढून बघायची.

गेल्या वर्षी माझी आई नळावर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आई अंथरुणाला खिळली ती खिळलीच. आई आणि इंदूमावशी यांचं नातं सांगायचं तर, तीस वर्षं एका नळावर पाणी भरलेल्या बायकांचं असतं ते. एकमेकींच्या हातचं खायच्या आणि एकमेकींना नावं ठेवायच्या. आईच्या मते मावशी नारळाशिवाय आंधळी, मावशीच्या मते आईचा ठेचा म्हणजे मिरचीवर घेतलेला सूड.

आई घरी आल्याच्या आठवड्यात मावशी यादव मिस्त्रीला घेऊन दारात उभी राहिली. आईच्या खाटेवर कडी पाहिजे म्हणाली, आणि कप्पी. मी नको म्हटलं. बायको म्हणाली, आजारी माणसाच्या डोक्यावर दोर लोंबकळलेला बरा दिसत नाही. आई खाटेवरून म्हणाली, "मला काय मेलीला दुधीभोपळ्यासारखं टांगतीस काय?" मावशी परत गेली नाही. आमच्या उंबऱ्यावर बसून राहिली. जेवायची वेळ झाली तरी उठेना. शेवटी आईच म्हणाली, बसव बाबा ती कप्पी, नाहीतर ही इथेच मुक्काम करायची.

मग मावशीने झोळी शिवली. पुरानंतर ज्या निळ्या ताडपत्रीखाली आम्ही राहिलो होतो ती तिने जपून ठेवली होती. चार पदर करून, कडेने दोर घालून, तिने ती वर टांगलेलं मशीन खाली उतरवून शिवली. तालीम आधी तांदळाच्या गोणीवर झाली. गोणी झकास वर गेली. मग जिवंत माणसावर करून बघायला पाहिजे म्हणून मला झोळीत घातलं. मावशीने दोर ओढला, माझ्या बायकोने जरा जास्तच उत्साहाने हात लावला, मी छताला टेकलो. दोर खिडकीच्या गजाला बांधून मावशी घरी दूध उतू जातंय का बघायला गेली आणि तिथेच कुणाशी तरी बोलत बसली. आई खाटेवर पडून माझ्याकडे वर बघत हसत होती. मोडल्या खुब्याने ती इतकी हसली की शेवटी तिला दुखायला लागलं. मावशी परत येईपर्यंत मी पंख्याच्या पात्यांवरची धूळ पुसून घेतली.

यंदाच्या पावसाळ्यात एका सकाळी पाणी आलं. पुरानंतर नाल्याची भिंत उंच बांधली होती, तेव्हापासून पहिल्यांदाच घरात आलं. उंबऱ्यावरून आत सरकलं, लादीवर पसरलं, आणि माझे हात आपोआप जुन्या क्रमाला लागले. आमच्या तसबिरी आधीपासूनच उंचावर होत्या. मी तांदळाचा डबा उचलला. खुशाल उचलला, कारण पाणी घोट्याएवढं होतं आणि भरती उतरायला आली होती.

इंदूमावशी पाण्यातून आली ती तिच्या घराचं दार सताड उघडं टाकून. तिने माझ्या हातातला डबा हिसकला आणि सरळ पाण्यात सोडला. झाकण उडालं, तांदूळ तरंगायला लागले.

"आधी माणूस," ती म्हणाली. "तांदूळ मगे."

आम्ही आईला झोळीत सरकवलं. मी दोर ओढला, बायकोने ओढला, मावशीने ओढला. आई वर गेली, वाटेत तिने आम्हा सगळ्यांचा उद्धार केला. मी दोर गजाला पक्का बांधला आणि तांदूळ ओंजळीने गोळा करायला लागलो.

पाणी घोट्याच्या वर चढलंच नाही. दुपार व्हायच्या आत उतरायलाही लागलं. आईचा राग संपला होता, वरून ती गल्लीतलं काय काय दिसतं ते सांगत होती. पण मावशी तशीच उभी होती, पाण्यात, दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून. गाठ गजाला, तरी दोर हिच्या हातात. मी म्हटलं, मावशी, गाठ मारलीय, सोड आता. तिला ऐकू गेलं नाही. बायकोने हात सोडवायला बघितलं तर सुटेनात.

"इंदू," आई वरून हळू म्हणाली. "मी हाय गं. वरच हाय."

तेव्हा मावशी बोलली. आईकडे बघून नाही, दोराकडे बघून.

"तेंनीच सांगल्यानी. आधी देव घे, मगे तांदूळ घे, माझी काय घाई नाय, म्हणान. दरवर्षी तसाच करू ना आमी. मी सगळा वर नेलंय. पापडाची पिशवीसुद्धा नेलंय." ती थांबली. "तेवढे तेच रवले खाली."

आईने झोळीच्या कडेवरून हात खाली सोडला. तो मावशीच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता. बायकोने पुढे होऊन मावशीला जवळ घेतलं, तेव्हा कुठे दोर सुटला. दोराचे वळ तिच्या तळव्यांवर उठले होते. मला त्या क्षणी स्वतःच्या भिजल्या तांदळांची फार लाज वाटली.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो, घर धुऊन द्यायला. दार उघडं टाकून आली होती, पाणी भरपूर शिरलं होतं, पण नुकसान म्हणाल तर काही नाही. सगळं अधांतरी, कोरडं. मी खराट्याने पाणी ढकलत होतो आणि ती स्टुलावर चढून कप्पीला तेल घालत होती. शनिवार नव्हता तरी. मला एकदम एक साधी गोष्ट सुचली. आमच्याकडे ओढायला तीन माणसं लागली होती. या घरात एकटी बाई. झोळीत ती पडली तर दोर कोण ओढणार?

मी म्हटलं, "मावशी, पाणी चढलं तर आधी मला हाक मार हां. तुला या कप्पीवर घ्यायला कुणीतरी पाहिजे ना."

तिने दोर एकदा ओढून बघितला. कप्पी आवाज न करता फिरली.

"माझी नाय ती, झिला," ती म्हणाली. "ती तेंची."

मग ती खाली उतरली, स्टूल आकडीला अडकवून वर टांगलं आणि चहापत्तीचा डबा उतरवायला लागली.