सरदार बोकडाचे अंतर्धान

मुखावरील मिशी ही केवळ चार रेषांची बाब असून, ज्या हाताने ती उगवते त्याच हाताने ती कुणाच्याही नकळत नाहीशी करता येते, असा शहाजीचा ठाम सिद्धान्त होता. हा सिद्धान्त पोकळ गर्वातून नव्हे, तर प्रत्यक्ष अनुभवातून जन्मला होता. सोलापुरात विरुपाक्ष अण्णांच्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात तो वाढदिवसांचे फलक तयार करीत असे. काळ्याला गोरा करणे, टकलावर केस पेरणे, एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पुढाऱ्यांस एकाच फलकावर हसतमुख उभे करणे, हे त्याचे नित्याचे कर्म होते.

परंतु शहाजीचे खरे चित्त ज्या ठिकाणी गुंतले होते, ते ठिकाण म्हणजे त्याची मोबाईलवर रोज सकाळी प्रसिद्ध होणारी विनोदी चित्रकथा, ‘कळपातली मंडळी’. तिच्या निर्मितीची रीत येथे सांगणे अगत्याचे आहे. दररोज सायंकाळी सांगोल्याकडून त्याच्या मेहुण्याचा, म्हणजे धुळाप्पाचा फोन येई. धुळाप्पा मेंढरे राखी. “दाजी, आज काय झालं म्हायतीय का,” असे म्हणून तो असा हसत सुटे की मूळ हकिकत बाजूलाच राही. हसण्याचा तो पूर ओसरेपर्यंत शहाजी नदीकाठच्या प्रवाशाप्रमाणे स्वस्थ बसे. मग त्या लांबलचक बोलण्यातून एकच प्रसंग निवडून तो चार चौकटींत बसवी. पहिल्या चौकटीत ओळख, दुसरीत घोटाळ्याची चाहूल. तिसरी चौकट मुकी ठेवावी, हे त्याला पुष्कळ चित्रे फसल्यानंतर उमगले होते. कारण वाचकास हसण्यापूर्वी श्वास घ्यावयास जागा लागते. चौथीत मात्र हसू फुटलेच पाहिजे. त्यानंतर तो लोकर कातरावी तसे शब्द कातरी आणि चित्र पत्नीसमोर धरी. प्रियदर्शनी तेव्हा भाकरी थापीत असे. तिचा हात परातीत थबकला, तर चित्र उत्तीर्ण. ती नुसती “बरं हाय की” म्हणाली, तर चित्र पुसून पुन्हा प्रारंभ.

या कथेत दोन पात्रे मुख्य. एक, सरदार नावाचा बोकड. त्याच्या मिशा पिळदार, खांद्यावर उपरणे. तो सर्वांना अधिकारवाणीने सल्ला देई आणि तो सल्ला हटकून अंगलट येई. दुसरे, गबाळे नावाचे भोळसर मेंढरू. वाचकांचा जीव या गबाळ्यावर अधिक होता. आता सत्य लपविण्यात अर्थ नाही. सरदाराची मिशी, त्याची बसण्याची ढब आणि बोलण्याआधीचे खाकरणे, हे सर्व धुळाप्पाचे होते. धुळाप्पापाशी साधा बटणांचा फोन असल्यामुळे त्याने हे चित्र कधी पाहिले नाही, या समजुतीवर शहाजी निर्धास्त होता.

त्या सोमवारी सकाळी प्रियदर्शनीने त्याच्या निर्धास्तपणास सुरुंग लावला.

“अवो, दादानं नवा मोबाईल घेतलाय. बोटानं सरकवायचा.”

शहाजीच्या हातातील चहा बशीत न पडता मांडीवर पडला.

“कधी घेतला?”

“कालच. आता बघंल की तुमचा बोकड. आन् रविवारी बाळाचं जावळ हाय, ध्यानात हाय न्हवं? पोराला मांडीवर कोन घेनार? मला भाऊ एकच हाय.”

संकट खरोखर गंभीर होते. बाळाचे जावळ इतके वाढले होते की ते पाठमोरे बसले असता ओवाळणीच्या नारळासारखे दिसे. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवरच बसले पाहिजे. मामा रुसला, तर जावळ राहिले, आणि जावळ राहिले, तर पत्नीच्या माहेराचा मान गेला. शिवाय शहाजीला भावासारखा असलेला तो एकुलता एक माणूस दुरावणार.

“तू मुळीच चिंता करू नकोस,” शहाजी म्हणाला. “मी त्याला हळूहळू असा बदलतो की ब्रह्मदेवाला ओळखू येणार नाही.”

मंगळवारच्या चित्रात सरदाराची मिशी गेली. बोकड सोललेल्या बटाट्यासारखा दिसू लागला, म्हणून शहाजीने बुधवारी त्यास चष्मा चढविला आणि त्यात भारदस्तपणा यावा म्हणून तो कपाळावर सरकविला. दुपारच्या सुट्टीत विरुपाक्ष अण्णा त्याच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. त्यांचाही चष्मा कपाळावरच होता.

“एनप्पा शहाजीराव,” त्यांनी कानडी हेलात विचारले, “हे कोण हो?”

“बोकड आहे, अण्णा.”

“बोकड आहे ते दिसतंय हो. माझा चष्मा का घातलाय त्यानं?”

“सर्वसाधारण चष्मा आहे, अण्णा.”

“सर्वसाधारण बोकड चष्मा कपाळावर ठेवतो का हो? रविवारची सुट्टी पाहिजे म्हणालास नव्हे? बघू मग.”

शहाजीने तत्काळ चष्मा उतरविला. पुरुषाचे रूप दिले की कुणी ना कुणी पुरुष दुखावतो, या निष्कर्षाप्रत येऊन त्याने गुरुवारी सरदाराचे रूपांतर शेळीत केले. तिला हिरवे लुगडे नेसविले, कपाळावर ठसठशीत कुंकू रेखले. त्याच दिवशी जावळाच्या तयारीसाठी सासूबाई, मायाक्का, हिरवे लुगडे नेसून आणि ठसठशीत कुंकू लावून एसटीतून उतरल्या. लेकीने कौतुकाने त्यांना चित्र दाखविले.

मायाक्कांनी मोबाईल लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

“जावाय,” त्या अत्यंत शांतपणे म्हणाल्या, “माज्या हातचं जेवण गोड लागत नसंल तर तोंडानं सांगायचं.”

त्या रात्री घरात पिठले झाले, परंतु मायाक्कांनी वाढलेले नसल्यामुळे ते कुणाच्या घशाखाली उतरले नाही. शुक्रवारी शहाजीने अखेरचा उपाय योजला. त्याने सरदारास चित्रातून पूर्णपणे काढून टाकले. चार चौकटींत गबाळे एकटेच चरत राहिले. सायंकाळी धुळाप्पाचा फोन आला नाही. शहाजीने केला, तर तो बंद होता.

शनिवारी दुपारी दारात सासुरवाडीचे वयोवृद्ध सिद्धाप्पा उभे राहिले. रस्त्यापलीकडे लिंबाच्या झाडाखाली पाठ फिरवून आणखी एक इसम उभा होता. पाठ असूनही मिशीची दोन्ही टोके दोन्ही बाजूंनी दिसत होती.

“पाव्हणं, आत या की,” शहाजी ओरडला.

“मी हितंच बरा हाय,” झाड बोलल्यासारखा आवाज आला.

सिद्धाप्पा ओट्यावर टेकले. “शहाजी, मी मिटवायला आलोय. भांडान कशावरनं झालं तेवढं सांग. मानपानाचं हाय, का देण्याघेण्याचं?”

“कसलं भांडण?”

“मंग पाव्हण्याला चित्रातनं काढलंस कशापायी? गावात कालपास्नं हाच इषय हाय. फ्लेक्सवरनं एखाद्याचा फोटू गेला म्हंजी दोघांचं फाटलं, हे शेंबडं पोर बी सांगंल. तू तर फ्लेक्स छापतोस की रं.”

शहाजी तसाच दारातून बाहेर पडला. त्याने रस्ता ओलांडला. धुळाप्पाच्या खांद्यावर कोरे करकरीत लाल उपरणे होते.

“पाव्हणं, तुम्ही चित्र बघत होता?”

“पयल्यापास्नं. सलूनमदी पोरं रोज वाचून दावत्यात. समदं गाव मला सरदार म्हनतंय. बोकडाचं उपरणं तुमी लाल केलं, म्हून मी बी पांढरं सोडलं. मोबाईल तरी कशाला घेतला? सलून सोमवारी बंद असतंय म्हून.” धुळाप्पाने उपरण्याचे टोक डोळ्यांस लावले. “मंगळवारी बगतो तर मिशी न्हाय. म्हनलं आसंल, उन्हाळा हाय. मंग चष्मा आला. म्हनलं वय झालं आसंल. मंग तुमी मला लुगडं नेसवलं, दाजी. त्यावर बी मी गप ऱ्हायलो. पर काल बगतो तर मीच न्हाय.”

“मला वाटलं, तुमची फजिती केली म्हणून तुम्ही रागवाल. जावळाला येणार नाही.”

“माजी फजिती?” धुळाप्पाने प्रथमच मागे वळून पाहिले. “लोकं बोकडाला हसत्यात व्हय? ती गबाळ्याला हसत्यात की.”

“पण गबाळं तर तुमच्याच कळपातलं मेंढरू.”

“माज्या कळपात असलं मेंढरू न्हाय. असतं तर कवाच इकलं असतं.”

मागून येऊन उभी राहिलेली प्रियदर्शनी पदरात तोंड लपवून हसू लागली. शहाजीला अद्याप उलगडा झाला नव्हता.

“दाजी,” धुळाप्पा मायेने म्हणाला, “हौदावर पाणी प्यायला गेलं आन् चप्पल बुडवून आलं, ते मेंढरू कोन?”

शहाजीला आपला पहिला दिवाळसण आठवला. हौद आठवला. मेंढरास चप्पल कोठून आली, हा प्रश्न ते चित्र काढतानाच आपणास पडावयास हवा होता, असेही त्यास वाटले. मग झोपलेल्या कुत्र्यास घोंगडे समजून त्यावर बसलेले मेंढरू त्याच्या दृष्टीसमोरून गेले. त्यामागून, कुणी जा म्हटले की विचारल्याविना चालू लागणारे मेंढरूही गेले. त्या प्रत्येकाच्या मुखावर त्यास आपलीच मुद्रा दिसली.

“सगळ्या गावाला ठाऊक होतं?”

“समद्यांस्नी,” सिद्धाप्पा ओट्यावरून म्हणाले. “पर तुज्याइतकं सोताला हसनारं माणूस पायलं न्हवतं. आमी म्हनायचो, जावाय लई मोठ्या मनाचा हाय.”

शहाजीच्या मनात एकेक सायंकाळ जागी झाली. दिवसभर मेंढरांमागे पायपीट केल्यानंतर हा मनुष्य रोज सायंकाळी आपणास फोन करी. आपल्या वेडेपणाच्या कथा आपल्यालाच, नाव न घेता, मन न दुखवता सांगे. अन् त्या चित्रांत स्वतःला मिळाला तो बोकडपणाचा मान खांद्यावर लाल उपरण्यासारखा मिरवी. एवढे ऋण कोणत्या चौकटीत मावावे? त्याने वाकून धुळाप्पाचे पाय धरले.

“उठा, दाजी. लोकं बगत्यात. आत येतो मी. पर उद्याच्याला बोकड परत पायजे. मिशीसकट.”

बोकड त्याच सायंकाळी, मिशीसकट, परतला. धुळाप्पा आत येऊन दोन तांबे पाणी प्याला आणि मायाक्कांनी वाढलेले पिठले सर्वांच्या घशाखाली विनासायास उतरले.

रविवारी जावळास आप्तेष्टांची दाटी झाली; परंतु धुळाप्पाने बोकड परत मागून घेतल्याची बातमी सर्वदूर पसरल्यामुळे जो तो चित्रात येण्याच्या आशेने वागू लागला. मायाक्का कोरड्या फरशीवर पुन्हा पुन्हा घसरू लागल्या आणि दरवेळी जावयाकडे तिरपे पाहू लागल्या. विरुपाक्ष अण्णा कपाळावर चष्मा ठेवून, “माझा चष्मा कुठं गेला हो,” असे विचारीत सबंध मांडवातून हिंडले. सिद्धाप्पांनी तर फेटा उलटा बांधला होता. यांपैकी कशाचेही कुणास हसू आले नाही.

अखेर धुळाप्पा पाटावर बसला. बाळ त्याच्या मांडीवर विसावले. न्हाव्याने वस्तरा उचलला, तोच बाळाने दोन्ही मुठींत मामाची मिशी घट्ट पकडली आणि त्याच क्षणी मामाचे नवे धोतर निवांतपणे भिजविले. धुळाप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मिशी सुटेना, मांडी हलविता येईना, वस्तरा पुढे सरकेना. मांडवात पहिल्यांदाच खरेखुरे हसू फुटले, आणि प्रियदर्शनीचा ओवाळणीचे ताट धरलेला हात हवेतच थबकला.

शहाजीने घाईघाईने मोबाईल काढला.

“दाजी,” मिशी ताणलेल्या अवस्थेतच धुळाप्पा म्हणाला, “घाई करू नगा. निवांत काढा चित्र. भिजायचं ते भिजून झालंय.”