अण्णांचं दोन वाटांचं पेडल

आमच्या शेजारचे अण्णा कॉफी तीन पेल्यांत पितात. एकात नुसतं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा कडू अर्क, दुसऱ्यात साखर घातलेलं दूध आणि तिसरा रिकामा. दोन्हींतलं चमच्याचमच्याने तिसऱ्यात घालत, चव घेत ते प्रमाण जमवतात. ते जमेपर्यंत कॉफी थंड होते. मग ती गरम करायची, चव बिघडली म्हणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. इंदिरानगरात घर घेताना दलालाने मला शेजार अगदी साधा आहे असं सांगितलं होतं.

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं. माझं पुणेरी मराठी त्यांना भांडल्यासारखं वाटतं आणि त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द 'स्वल्प', म्हणजे कानडीतलं 'जरा'. टेलिफोनच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर आवाज तपासले. म्हणजे ऐकले नाहीत, मीटरवर पाहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी गिटारचं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे तिचा आवाज मुद्दाम फाडणारी पेटी, बनवायला घेतलं. गिटार त्यांना येत नाही. डिस्टॉर्शन तर सहनच होत नाही. त्यांची लेक रेवती बँडमध्ये गिटार वाजवते. तिचं वाजवणं ऐकून "कोणी पत्रा ओढतंय काय?" असं ते एकदा चारचौघांत बोलून गेले. तेव्हापासून ती सर्जापूर रोडला वेगळी राहते आणि सणापुरती येते. आता मात्र तिने फोनवर कबूल केलं होतं, की पेडल रविवारपर्यंत झालं तर येऊन वाजवून बघेन.

पेडलचा बेत असा, की गिटारचा आवाज आत शिरला की दोन वाटांनी जायचा. एका वाटेवर तो साफ राहणार, दुसरीवर फाटणार आणि शेवटी दोन बटणं फिरवून हवे तसे दोन्ही मिसळायचे. हे त्यांनी मला कॉफीचे पेले मांडून समजावलं, त्यामुळे त्या दिवशी माझीही कॉफी थंड झाली.

तपासणीसाठी त्यांच्याकडे एकच जुनी कॅसेट होती. कोणीतरी शिकाऊ गिटार वाजवतंय आणि दर वेळी त्याच सुरावर चुकतंय. सहा महिने भिंतीपलीकडून ती चूक ऐकून मी ऑफिसच्या मीटिंगमध्येही तीच गुणगुणायला लागलो होतो.

शनिवारी सकाळी मला बोलावणं आलं. साफ वाट ठीक चालत होती, फाटकीही ठीक. दोन्ही एकत्र केल्या की मात्र आवाज डासाएवढा उरायचा. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. जे चालत नाही ते काढून टाकण्यात आमचा हातखंडा. मी म्हटलं, साफ वाट काढून टाका, रेवतीला तशीही ती नकोच असणार.

अण्णा पहिल्यांदाच चिडले. "स्वल्प गप्प बसा," म्हणाले आणि त्यांनी कॅसेट पुढे पळवली. शेवटी सूर थांबले आणि एका लहान मुलीने, म्हणजे रेवतीनेच, विचारलं, "अण्णा, ऐकलंत का?" पुढे नुसती खरखर. मग त्यांनी तोच तुकडा एकट्या फाटक्या वाटेने लावला. त्यात प्रश्न ऐकूच येईना.

"तुम्ही काय म्हणालात तेव्हा?" मी विचारलं.

"काही नाही. मी मीटरची सुई बघत होतो. रेकॉर्डिंग सरी होतंय का, नीट होतंय का म्हणून."

मला माझ्या सल्ल्याची फार लाज वाटली.

दुपारी दोष सापडला. फाटकी वाट आवाज उलटा करून आणत होती, त्यामुळे बेरजेच्या जागी वजाबाकी होत होती. अण्णांनी साफ वाटेवरही आवाज उलटवणारा तसाच एक भाग बसवला आणि माझ्या घरातली भांडी वाजली.

रविवारी रेवती आली ती गिटार घेऊन, पण बूट न काढता. तिने पेडल जोडलं, फाटक्या वाटेचं बटण पूर्ण फिरवलं, जरा थांबून साफ वाटेचंही निम्मं फिरवलं आणि वाजवायला लागली. पत्राच होता तो, पण त्यातला एकेक सूर वेगळा कळत होता. अण्णांच्या हातात मीटर होता. त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला आणि डोळे मिटले.

वाजवून झाल्यावर तिने कोणाकडे न बघता वायर गुंडाळायला घेतली. तिने काहीच विचारलं नव्हतं.

"ऐकलं, पुट्टी," लहान मुलीला लाडाने हाक मारावी तसं अण्णा म्हणाले. "सगळं ऐकलं."

रेवतीने गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली आणि खाली बसून बूट काढले.