हाल्वोर आपली मुलाखत तपासतो

गुरुवारी दुपारी अडीचला त्याच्या जुन्या पेपरातल्या मार्टेची मेल आली, तेव्हा हाल्वोर स्वयंपाकघरात उरलेल्या वाफलवर तपकिरी चीज घालून खात होता. सोमवारी निवडणूक होती. सव्वीस वर्षं बेटावरच्या एकुलत्या एका पेपरात बातम्या लिहून झाल्यावर या गड्याला नगराध्यक्ष व्हायची हौस आली होती, आणि खरं सांगायचं तर तो होणारही होता. संध्याकाळची फेरीबोट बंद करायचं सरकारच्या मनात होतं, आणि 'फेरी वाचवा' म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा हाच.

मेलमध्ये त्याची मुलाखत होती. 'तुमच्या तोंडची वाक्यं तपासून पाचपर्यंत कळवा,' असं मार्टेनं लिहिलं होतं. आमच्याकडे ही रीतच आहे. मुलाखत छापण्याआधी देणाऱ्याला दाखवतात. त्यानं आपल्या बोलण्यात चुकलं असेल तेवढं सुधारायचं, बाकीच्या मजकुराला बोट लावायचं नाही. बोट लावणाऱ्या पुढाऱ्यांना हाल्वोरनं सव्वीस वर्षं फैलावर घेतलं होतं.

मुलाखत गोडच होती. मथळा होता 'वाफल आणि स्वप्नं'. हाल्वोर किती प्रेमळ, त्याच्या बागेतली सफरचंदं किती लाल, आणि 'फेरीशिवाय मी जगूच शकत नाही' हे त्याचं वाक्य. अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, मार्टेनं लिहिलं होतं की पलीकडच्या गावात तो स्वतःच्या मोटरबोटीनं जातो आणि ती बोट घरामागे बांधलेली असते.

"अरे देवा!" हाल्वोर वाफल खाली ठेवून ओरडला. "खरी बातमी शेवटच्या ओळीत? हेच शिकवलं का मी या पोरीला?"

त्याचे हात शिवशिवायला लागले. त्यानं शेवटची ओळ उचलून पहिल्या परिच्छेदात टाकली. मग सफरचंदं काढली. मग 'वाफल आणि स्वप्नं' खोडून 'फेरीचा कैवारी फेरीत दिसत नाही' असा मथळा दिला आणि खुर्चीत मागे रेलून तो दोनदा मोठ्यानं वाचला. पण नुसत्या आरोपावर बातमी कशी उभी राहणार? त्यानं फेरीच्या कप्तानाला फोन लावला.

"येर्मुंड, पेपरातून बोलतोय," तो सवयीनं म्हणाला. "हाल्वोर फेरीनं शेवटचा कधी गेला?"

"अरे, हाल्वोर तूच ना?"

"ते राहू दे. कधी गेला?"

"गेल्या वर्षीच्या ईस्टरला. मला वाटलं, तू माझ्यावर रागावलास की काय."

"नावानिशी छापू?"

"छाप की! मला काय त्याचं?"

आता राहिली दुसरी बाजू. ती घेतल्याशिवाय हाल्वोरनं जन्मात बातमी दिली नव्हती. दुसरी बाजू म्हणजे त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बोरघिल्डबाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका.

"बोरघिल्डबाई, हाल्वोर फेरीनं जात नाही. यावर तुमचं काय म्हणणं?"

"थट्टा करतोयस का रे माझी?"

"छे हो. तुमची बाजू नको का घ्यायला?"

"घे लिहून," बाई म्हणाल्या. " ज्याच्या दारात स्वतःची बोट आहे, त्याला धक्क्यावरच्या रांगेत उभं राहून गारठणं काय कळणार?"

"वा! झकास! पुन्हा सांगा, जरा हळू."

साडेचारला त्यानं सगळं मार्टेला पाठवून दिलं. इतकं समाधान त्याला प्रचाराच्या दोन महिन्यांत एकदाही मिळालं नव्हतं. तेवढ्यात बायको, टूरिड, दवाखान्यातली पाळी संपवून घरी आली. तिनं अंगातला कोटही न काढता पडद्यावरचं वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. चांगलं झालंय ना?"

"फारच चांगलं झालंय. हाल्वोर, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नगराध्यक्ष कुणाला व्हायचंय, तुला की बोरघिल्डला?"

हाल्वोरचा चेहरा पांढराफटक पडला. दोन महिने दारोदार हिंडून जमवलेली मतं त्यानं दोन तासांत स्वतःच उधळली होती. त्यानं फोन लावला.

"मार्टे, अगं, ते छापू नकोस हं! मी फक्त तपासत होतो."

"तुम्हाला फक्त तुमची वाक्यं बदलायची मुभा होती," मार्टे म्हणाली. "मी संपादकांना तसं म्हटलंसुद्धा. पण त्यांनी वाचलं आणि म्हणाले, पहिलं पान. मी कप्तानाला आणि बाईंना विचारून खात्री केलीय. सगळं खरं आहे."

"पण मी परत घेतोय ना!"

"एकदा दिलेलं परत घेता येत नाही. तुम्हीच नाही का त्या मासेमारी मंत्र्यांना सुनावलं होतंत? आम्ही सगळे ऐकत होतो, काय भारी वाटलं होतं!" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "फक्त तिसरा परिच्छेद कापावा म्हणते. लांबतोय."

"कप्तानाचा? खबरदार!" हाल्वोर गरजला. "सगळी बातमी त्याच्यावर उभी आहे!"

टूरिडनं कपाळाला हात लावला.

शुक्रवारी पेपर दहा वाजताच संपला. सोमवारी मतदान झालं. अकरा मतांनी हाल्वोरच्या गटाची एक जागा गेली, तिच्याबरोबर बहुमत गेलं आणि त्यापाठोपाठ नगराध्यक्षपदही. मंगळवारी सकाळी तो कॉफीचा कप धरून नुसता खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं. दोन महिन्यांत त्याला त्या खुर्चीची स्वप्नं पडायला लागली होती.

टूरिड समोर येऊन बसली.

"एक सांगायचंय. चिडणार नाहीस ना?"

"आता काय उरलंय चिडायला?"

"मी बोरघिल्डला मत दिलं."

हाल्वोरनं कप खाली ठेवला. "तू? माझी बायको?"

"काय करू? सगळी बातमी वाचली आणि पटलंच मला. फेरी तिलाही वाचवायचीय, आणि ती बिचारी नेहमी फेरीनंच जाते."

हाल्वोरनं मान खाली घातली. टूरिडला वाटलं, आता याचा बांध फुटणार. तिनं हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. तो पुढे झुकला आणि त्यानं दबक्या, आशाळभूत आवाजात विचारलं,

"कुठल्या परिच्छेदात पटलं?"

"तिसऱ्या."