गुणाजी मेस्त्रीचा पुशरॉड

गुणाजी मेस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी दाराची कडी दोन बोटांत धरतो. गोल फिरवून बघतो, मग वरखाली ओढून बघतो. "फिरूक व्हया, पण हलूक नको," असं स्वतःशीच पुटपुटतो आणि मगच चपला काढतो. घरात बारसं असो की मयत, कडी काही चुकत नाही.

माझं हळर्णच्या नाक्यावर चहाचं हॉटेल आहे. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, पाव टाकून जातो, तेव्हा मेस्त्री बाकावर हजर असतो. एकदा बेट्याने खिशातून कॅलिपर काढला आणि पावाला लावला. "कालच्यापरास आजचो बारीक," असा निकाल दिला. पोदेराने सायकल स्टँडला लावली आणि बोंब मारली, "मेस्त्री, हो पाव, पिस्टन न्हय!" त्यानंतर पोदेर मेस्त्री उठून जाईपर्यंत पिंपळाखाली उभा राहायचा आणि माझी गिऱ्हाइकं भाजी नुसती चाटत बसायची. सांगा आता, मी कुणाला शिव्या घालू?

त्याच्या लेकीला, सुमीला, वाळपईचं स्थळ आलं, तेव्हाही तेच. सगळे पोराचा पगार विचारताहेत आणि हा पोराकडे टक लावून गप्प. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "पोरगो बरो. फिरता, पण हलत नाय." नोकरीत चार गावं फिरला, पण बुद्धीने जागेवर आहे, असा त्याचा अर्थ. जावई खरंच गुणी निघाला, त्यामुळे आमची तोंडं बंद झाली.

मेस्त्रीची उमर गेली डिचोलीकडे खाणींवरच्या ट्रकांखाली. खाणी थांबल्या, तशी त्याने घरामागे पत्र्याची शेड घातली आणि पंपाची इंजिनं खोलायला लागला. हे सगळं सांगायचं कारण, माझ्या पंपाचं इंजिन बसलं ते ऐन वायंगणात. वायंगण म्हणजे पाऊस संपल्यावर पंपाच्या पाण्यावर काढायचं भात. रोप लावून झालेलं, वर ऊन चढतंय आणि पंप बंद. पाणी चुकलं तर वर्षाचा तांदूळ गेला.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं होतं. मेस्त्रीने ते म्हापशाहून घासून सपाट करून आणवलं. मी म्हटलं, झालं, आता जोड आणि दे. कसलं देतोय! म्हणाला, "हेड घासला म्हणजे खाली बसला. आता जुनो पुशरॉड लांब पडतलो."

पुशरॉड म्हणजे बोटाएवढी लोखंडी दांडी. खालून कॅम तिला ढकलतो, ती वरच्या रॉकरला ढकलते आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. दांडी लांब झाली तर व्हॉल्व्ह मिटत नाही, आखूड झाली तर पुरता उघडत नाही. मला म्हापशाचा मेकॅनिक फोनवर म्हणाला होता, वरचा स्क्रू पिळला की भागतं. तसं मी मेस्त्रीला सांगितलं मात्र, तो खवळला. "स्क्रू सारवासारव करूक आसता! आधी दांडी मापाची व्हयी!"

मापासाठी त्याने एक जुनी दांडी मधोमध कापून तिला आटे पाडले होते, पिळेल तशी कमीजास्त होणारी. ती घालायची, व्हॉल्व्हच्या टोकाला कपड्याची नीळ तेलात कालवून लावायची आणि इंजिनाचं चाक हाताने सावकाश फिरवायचं. रॉकरने नीळ बरोबर मध्यावर पुसली पाहिजे. आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटले की चाक तिथल्या तिथे थांबवून दांडी दोन बोटांत धरून तपासायची: फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

मी रोज जायचो आणि रोज तेच. "आज माप लागूक नाय." इकडे भाताच्या कुणग्याला भेगा पडायला लागल्या. एका दुपारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेस्त्री, तुझं माप घाल चुलीत! मी इंजिन उचलून म्हापशाला नेतो!"

त्याने दांडी पुन्हा पिळायला घेतली. तेव्हा माझं लक्ष गेलं, शेडमध्ये आणखीही इंजिनं उघडीच पडली होती, त्यांच्यावर कोळिष्टकं धरलेली. हा माणूस काम अडकवून ठेवणारा कधीच नव्हता.

"झालंय काय तुला?" मी विचारलं.

"एकट्याक जमत नाय," तो निळ्या बोटांकडे बघत म्हणाला. "चाक फिरवूचा की व्हॉल्व्ह बघूचो? आधी ती फिरवायची."

ती म्हणजे त्याची बायको. आम्ही तिला वयनी म्हणायचो, हा हाक मारायचा 'सुमीच्या आये'. गेल्या श्रावणात वारली. शेडमध्ये चाकापाशी बसलेली दिसायची, तेव्हा आम्हाला वाटायचं, बाई नवऱ्याला चहा द्यायला आली असेल.

"मी तोंड उघडूच्या आधीच तिचो हात थांबलेलो आसायचो," मेस्त्री म्हणाला. "लोक म्हणत, गुणाजीचा माप. माप खंयचा माझा? अर्धा तिचा." मी लुंगी खोचली आणि चाकापाशी बसलो.

चाक जड. 'थांब' म्हटलं की वीतभर पुढे जायचं. "गाडी हाकतंस काय?" मेस्त्री ओरडायचा, मी परत ओरडायचो. पुन्हा नीळ, पुन्हा फेरा. ऊन कलायला लागलं तसा माझा हात जरा वळणावर आला. मेस्त्री मोबाइलची बॅटरी धरून इंजिनात डोकं घालून बसला होता. "हळू... हळू..." तो पुटपुटत होता. "आता थांब, सुमीच्या आये."

मी थांबलो. चाक जागच्या जागी उभं. मेस्त्रीने दांडी दोन बोटांत धरून फिरवली, वरखाली ओढून बघितली. मग तसाच आत बघत म्हणाला, "लागला माप."

दांड्या बनल्या, पंप चालू झाला, वायंगण वाचलं. आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी हॉटेलला फळी लावून शेडवर जातो. राहिलेली इंजिनं एकेक करून मिटताहेत. मी असा मिशाळ, ढेरपोट्या माणूस, तरी मेस्त्री कामात गुंगला की अजून मला 'सुमीच्या आये' म्हणून हाक मारतो.

मी थांबतो.