अर्ध्यावरचं शटर

मी केस कापतो. बावीस वर्षं कापतोय. समोरचा औषधवाला माझ्या शटरच्या आवाजावर आपलं घड्याळ लावतो, असं मी सगळ्यांना सांगतो. तो म्हणतो, लावत नाही. जाऊ द्या!

यंदा मात्र पाय मोडला. मोटारसायकलच्या भीषण अपघातात, असं मी रस्त्यावर सगळ्यांना सांगितलं होतं. दीड महिना दुकान बंद राहिलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी बायकोला ठणकावून सांगितलं, "उद्या नऊ म्हणजे नऊ! आभाळ कोसळलं तरी शटर वर जाणार!"

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं, दोन्ही हात लावले आणि दिला हिसका. शटर कमरेपर्यंत आलं आणि वरून असा काही कल्लोळ उठला की मी खालीच बसलो! शटर ज्या पेटीत गुंडाळलं जातं, तिच्या फटीतून एक चिमणी बाहेर पडली आणि माझ्या डोक्याभोवती फिरत शिव्या देऊ लागली. शिव्याच होत्या त्या. एवढी वर्षं गिऱ्हाइकांच्या ऐकतोय, मला कळतात.

स्टुलावर चढून टॉर्च मारला. आत गवत, कापूस, सुतळी आणि मधोमध आ वासलेल्या चार पिवळ्या चोची! शटरची गुंडाळी त्यांच्यापासून जेमतेम दोन बोटांवर थांबली होती. आणखी वर ढकललं तर चौघं चिरडणार. खाली ओढावं तर घरट्याची सुतळी गुंडाळीत अडकलेली, ओढलं की अख्खं घरटंच उलटणार.

दुकान झाडायला बायको सोबत आली होती. तिने मला स्टुलावरून उतरवलं आणि स्वतः वर चढून बघितलं. उतरली तेव्हा तिचा चेहरा पार बदलला होता.

"शटरला हात लावाल तर याद राखा!"

"अगं, पण धंदा?"

"वाकून करा. दहा-बारा दिवसांत उडतील ती. बंद करताना आतल्या काचेच्या दाराला कुलूप लावू."

"गिऱ्हाईक वाकेल का?"

"तुमच्या खुर्चीत मान वाकवतंच की! दारात कंबर वाकवेल."

पुढे काही बोलण्यात अर्थ नव्हता. मी पुठ्ठ्यावर लिहिलं: 'दुकान चालू आहे. वाकून आत यावे. कृपया शांतता राखावी.' पुठ्ठा शटरला अडकवला आणि वाट बघत बसलो.

आता आमच्या रस्त्यावर कुणा दुकानदाराच्या घरी कोणी गेलं, तर तो शटर अर्ध्यावर ठेवतो. हे मला माहीत नव्हतं का? होतं! मीच दोनदा ठेवलंय. पण पिल्लांच्या नादात डोक्यातच आलं नाही.

पहिले आले निवृत्त मास्तर. कसेबसे वाकून आत शिरले, छताकडे बघून हात जोडले आणि सुस्कारा टाकला. मला वाटलं, घरटं दिसलं त्यांना.

"किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"चार."

"चार!" मास्तर खुर्चीत कोसळले. "कधी कळलं?"

"आत्ताच, नऊ वाजता. हिला तर रडूच आलं."

"येणारच! आणि तुम्ही वस्तरा घेऊन उभे?"

"मग काय करू मास्तर? पोट आहे ना!"

मास्तरांनी माझा हात घट्ट दाबला आणि दाढी न करताच निघून गेले. भलताच हळवा माणूस, मी मनात म्हटलं.

शटरखालून मला रस्त्यावरचे फक्त पाय दिसत होते. तासाभरात दुकानासमोर वीस-पंचवीस पाय जमले. हलेनात, बोलेनात. मी वाकून बाहेर आलो तर काय! औषधवाल्याचं शटर अर्ध्यावर, कापडवाल्याचं अर्ध्यावर, पार कोपऱ्यापर्यंत सगळी अर्ध्यावर! अरेरे, कोण गेलं असेल? विचारायचं तरी कसं? मीही मान खाली घालून त्यांच्यात उभा राहिलो. कापडवाल्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्याच्या पाठीवर ठेवला. त्याला हुंदका आला. मग मलाही आला.

औषधवाला पुढे झाला. "तुम्ही दोघं घरी जा. आज कसलं काम करताय? दुकान मी बंद करतो." आणि त्याने दोन्ही हातांनी माझं शटर धरलं!

"सोडा!" मी ओरडलो आणि धावत जाऊन शटरखाली खांदा घातला.

"दुःखात माणसाचं भान सुटतं," तो म्हणाला आणि खाली रेटू लागला. मी वर रेटू लागलो.

"अहो, वर नको!" आतून बायको किंचाळली. "भाऊ, खालीही नको! आहे तिथेच धरा!"

वर ती चिमणी थयथयाट करत होती. माझा मोडका पाय लटलट कापत होता, आणि डोळ्यांसमोर त्या चार चोची.

"एवढा भीषण अपघात झाला," औषधवाला धापा टाकत म्हणाला, "पण त्यात सासू-सासऱ्यांसकट चौघं गेल्याचं तुम्ही बोलला नाहीत कधी!"

"कसला अपघात?" बायको म्हणाली. "चादरीत पाय अडकून पडलेत हे!"

सगळा रस्ता माझ्याकडे बघू लागला. तेवढ्यात गर्दीतून खणखणीत आवाज आला, "जावईबापू, केस कापायला आलो तर ही जत्रा कसली?"

सासरे! स्वतःच्या पायांनी चालत! औषधवाल्याने हात जोडायला शटर सोडलं आणि ते खाडकन बोटभर वर उसळलं.

सगळं चिडीचूप. चिमणीसुद्धा. बायको स्टुलावर चढली, पेटीत डोकावली. मी डोळे मिटून घेतले.

"एक..." ती म्हणाली. "दोन... तीन..."

मग काहीच नाही.

"अगं, बोल ना!"

"चार! चौथं तिघांच्या खाली बसलंय, लबाड कुठलं! सुतळी तेवढी तुटली."

मी भर रस्त्यात औषधवाल्याला मिठी मारली. का मारली ते त्याला नंतर सांगितलं. तो इतका हसला की त्याचा चष्मा पडला!

पुढचे अकरा दिवस माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वाकून आत यायचं, खुर्चीत मागे रेलायचं आणि आरशात घरटं बघत दाढी करून घ्यायची. ज्यांना दाढीच येत नाही तेही बसून जायचे. मास्तर वहीत लिहायचे, चिमणा अळ्या किती आणतो, चिमणी किती. चिमणी पुढे होती. हे बायकोने मला तीनदा वाचून दाखवलं.

बाराव्या दिवशी एकेक करत चौघं उडाली. शेवटचं ते लबाड दोनदा फटीत येऊन परत आत गेलं आणि तिसऱ्यांदा उडालं ते थेट सासऱ्यांच्या टकलावर! रस्त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

"झालं!" मी डोळे पुसून जाहीर केलं. "आता शटर वर! पेटी साफ करतो आणि फटीला जाळी ठोकतो! हे दुकान आहे, प्रसूतिगृह नाही!"

हात शटरला लावला, तोच ती चिमणी परत आली. चोचीत सासऱ्यांच्या कानामागचे नुकतेच कापलेले पांढरे केस! फटीतून आत गेली, ठेवून आली, आणखी न्यायला खाली उतरली.

बायकोने माझ्याकडे फक्त बघितलं. मी हात काढला.

सध्या गिऱ्हाइकांसमोर रोज कुरकुरतो मी. पण सासऱ्यांचे केस अंमळ राठच. म्हणून परवा एका तान्ह्या बाळाचं मऊ जावळ काढलं, ते गुपचूप दारात पसरून ठेवलं. बायकोला मात्र सांगू नका!