धर्मानानांचा हौद

धर्मानानांच्या घरात घड्याळ नव्हतं. दाराशी खाडी असताना भिंतीवर घड्याळ टांगायचं म्हणजे त्यांना खाडीचा अपमान वाटायचा. लग्नाचा मुहूर्त अकराचा आणि भरती दीडची असली, तर नाना थेट पंगतीला उगवत आणि वर मुलीच्या बापाला "तुमचा जरा लवकरच उरकला," असं सुनावत. दातांच्या डॉक्टरने एकदा संध्याकाळी सहाची वेळ दिली, तर म्हणाले, "अर्ध्या सुकतीला जमंल का बगा." सुकती म्हणजे ओहोटी, हे त्या बिचाऱ्याला मी समजावलं.

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या पुढे, खाडीला लागून त्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात गेलेल्या. मोठ्या उधाणाला अंगणात पाणी शिरतं, म्हणून घर कमरेइतक्या उंच जोत्यावर. नव्वदच्या सुमारास मी शेजारच्या नव्या इमारतीत राहायला आलो. टपाल खात्यात कारकून, मूळचा परभणीचा. टँकरपेक्षा जास्त पाणी एका जागी पाहिलं की मला गरगरायचं, आणि नानांना माझी मनापासून कीव यायची.

त्यांचं एकच पालुपद होतं: "पानीच करील." बांधाजवळचा गाळ कोण काढणार? पानीच करील. सुनेचं आणि सासूचं पटत नाही? पानीच करील. माझी बढती रखडली, तेव्हाही त्यांनी खाडीकडे बोट दाखवून हेच सांगितलं. पुढे बढती झाली, तर पेढे घेऊन त्यातला एक खाडीत टाकला!

अशा माणसाने एक दिवस स्विमिंग पूल आणला.

म्हणजे गल्लीने त्याला ते नाव दिलं. होता तो सिमेंटचा तयार हौद, कारखान्यात साच्यात ओतलेला. सात फूट लांब, पाच फूट रुंद, कमरेइतका उंच. इंद्रलोक वस्तीच्या बाजूला तेव्हा निळ्या तलावांची चित्रं रंगवलेले बिल्डरांचे बोर्ड लागत होते. म्हातारा त्यांच्या नादाला लागला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. किराणावाला शेठ तर रोज विचारायचा, "नानाभाई, टॉवेल किधर रखेगा?"

"नाना, हौद कशाला?" मी विचारलं.

"ओट्यापाशी ठेवाला," नाना म्हणाले.

पण ओटा राहिला लांबच. ट्रक बांधापलीकडे येईना, म्हणून हौद अंगणाच्या टोकाला उतरवला. तिथून ओटा पन्नास पावलं. दहा जणांनी खांदा लावला, हौद ढिम्म. क्रेन आणा, असं मी सुचवलं. क्रेन त्या चिखलात स्वतःच बसली असती, हे माझ्या टपाली डोक्यात आलं नाही.

"पानीच करील," नाना म्हणाले आणि विडी पेटवली.

मला मात्र राग आला. कारण त्यांचं शेवटचं मिठागर विकलं गेलं होतं. दसऱ्यानंतर भराव पडणार, खाडीचं पाणी आत घेण्याची उघाडी कायमची बुजणार. म्हणजे उधाण उरलं होतं एकच, सर्वपित्री अवसेचं. ते हुकलं की हौद मातीखाली जाणार होता.

अवसेच्या दिवशी बाराच्या सुमाराला नानांनी उघाडी उघडली. पाणी अंगणात शिरलं, गुडघ्यापर्यंत आलं, मांडीला लागलं. आणि तो सिमेंटचा धोंडा एकदम डुलला! गल्लीने "ओ ओ" केलं. मी बांधावर होतो.

"सायेब, आत बसा," नाना म्हणाले. "एक बाजू हलकी हाय. तुमचा वजन पायजे."

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मला उचलून आत घातलं होतं. स्वतः कमरेला दोरी बांधून पुढे ओढायला लागले. परभणीचा माणूस सिमेंटच्या होडीतून अंगणात चालला होता आणि शेठ टाळ्या वाजवत होता.

अर्ध्या वाटेत माझी पॅंट ओली झाली. घाबरून नव्हे. हौदाला तळाशी पाणी सोडायचं भोक असतं, ते आतापर्यंत चिखलाने बुजलेलं होतं. मिठागरात पाणी सोडायला बांध फोडतात, तिथे बूच कुठून असणार? नाना ते साफ विसरले होते.

"नाना, बुडतोय!"

तेवढ्यात ओट्यावरून खणखणीत आवाज आला, "ह्यो घ्या गोला! बोळा मारा भोकाला!"

चांगुणाकाकी, नानांच्या पत्नी. पितरांसाठी वड्यांचं पीठ मळत बसल्या होत्या. गेल्या वर्षी त्या बांधावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, जोत्याच्या पायऱ्या उतरणं संपलं. जन्मभर घोट्याएवढ्या पाण्यात मीठ ओढलेली बाई वर्षभर ओट्यावर गुमान बसून होती. तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पिठाचा गोळा माझ्या छातीवर आदळला. मी तो भोकात कोंबला, वर टाच दाबली आणि पितरांची क्षमा मागितली.

हौद ओट्याला लागला. काठाला काठ, बोटभरही फरक नाही. नानांनी बोळा काढला, पाणी आत चढलं, हौद जागेवर बसला. मग त्यांनी लाकूड तासून भोकात बूच ठोकलं आणि काकींना हळूच ओट्याच्या कडेला सरकवलं. काकींनी पाय आत सोडले. पाणी बरोबर घोट्यापर्यंत आलं.

"तिरका बसवलाव," काकी म्हणाल्या, आणि खळखळून हसल्या. नाना दोरी गुंडाळण्यात उगाचच गुंतले.

दसऱ्यानंतर भराव पडला. अंगणात पुन्हा पाणी आलं नाही. पण रोज भरतीच्या वेळी नाना लांबच्या खाडीवरून कावड भरून आणत आणि हौदात ओतत. भर उन्हात, धापा टाकत.

एकदा मला राहवलं नाही. "नाना, नळाचं पाणी घाला की. नाहीतर सकाळी गारव्याला तरी जा. भरतीलाच कशाला?"

त्यांनी कावड खाली ठेवली. "ती भरतीलाच पाय सोडून बसते, सायेब. पानी आता येत न्हाय. मंग कोनीतरी यायला पायजे ना?"

दुसऱ्या दिवसापासून एक घागर मी नेऊ लागलो.